दुरून देखरेख आणि नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेटवर्कला जोडलेल्या उपकरणांवर लक्ष ठेवणारे आणि त्यांना दुरून आज्ञा देणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतील तेथे पुनरावृत्ती टाळून संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत. ज्यांची उपकरणे आधीच चालू आहेत त्यांनी थेट ११व्या प्रश्नापासून वाचले तरी चालेल.

१. देखरेख आणि नियंत्रण एकाच प्रोग्रॅममध्ये लिहिले तर काय बिघडते?

प्रोग्रॅम एकच असला तरी चालतो, विचार मात्र वेगळा करावा लागतो. देखरेखीत माहिती उपकरणाकडून आपल्याकडे येते. एखादे वाचन हरवले तर पुढचे येते आणि आलेखात एक खाच पडते, एवढेच. नियंत्रणात आज्ञा आपल्याकडून उपकरणाकडे जाते आणि तेथे काहीतरी फिरते, तापते किंवा उघडते. ती आज्ञा हरवली, उशिरा पोहोचली किंवा दोनदा पोहोचली, तर त्याचा परिणाम मागे घेता येत नाही. म्हणून दोन्हींचे मार्ग, परवानग्या आणि नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात. नवीन प्रकल्पात आधी नुसती देखरेख चालवावी आणि आकड्यांवर विश्वास बसल्यावरच नियंत्रण जोडावे, असा आमचा आग्रह असतो. ज्या यंत्राची स्थिती धड वाचता येत नाही, त्याला आज्ञा देणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे.

२. अशा प्रणालीत कोणकोणते भाग लागतात?

एका टोकाला उपकरण आणि त्यातले फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालवणारा आतला प्रोग्रॅम, असते. उपकरणाला स्वतः इंटरनेटवर बोलता येत नसेल, तर त्याची भाषा समजून घेणारा गेटवे मध्ये बसतो. त्यानंतर निरोपांची देवाणघेवाण करणारा सर्व्हर येतो, ज्याला बहुतेक ठिकाणी ब्रोकर म्हणतात. मॉस्किटो हा त्यातला सर्वपरिचित मुक्त-स्रोत ब्रोकर आहे. वाचने साठवण्यासाठी इन्फ्लक्सडीबी किंवा टाइमस्केलडीबी यांसारखा कालक्रमाने नोंदी ठेवणारा डेटाबेस, आलेखांसाठी ग्राफाना आणि नियम लिहिण्यासाठी आपला स्वतःचा प्रोग्रॅम किंवा नोड-रेड, अशी मांडणी सर्रास दिसते. दहा उपकरणांसाठी हे सगळे एकाच लहान संगणकावर सुखाने चालते, त्यामुळे पहिल्या दिवशी मोठी क्लाउड सेवा घेण्याची घाई करू नये.

३. यासाठी कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकावी?

फर्मवेअरसाठी सी किंवा सी++, आणि सर्व्हरकडच्या बाजूसाठी आपल्याला येत असलेली कोणतीही भाषा. पायथॉनमध्ये या विषयाच्या लायब्ररी विपुल आहेत, आणि मायक्रोपायथॉनमुळे लहान चिपवरही तीच भाषा वापरता येते. भाषेच्या निवडीवर जितकी चर्चा होते, तितके तिचे महत्त्व या कामात नाही.

४. ईएसपी३२ घ्यावे की रास्पबेरी पाय?

एक-दोन सेन्सर वाचून आकडा पाठवायचा असेल, किंवा बॅटरीवर महिनोन्‌महिने चालायचे असेल, तर ईएसपी३२ सारखा मायक्रोकंट्रोलर योग्य आहे. गाढ झोपेत तो अगदी थोडे मायक्रोअँपिअर घेतो. मात्र सरावासाठी मिळणाऱ्या तयार बोर्डावरचा दिवा आणि व्होल्टेज रेग्युलेटर त्याहून बरेच जास्त खातात, हे बॅटरीचा हिशेब करताना विसरले जाते. कॅमेरा, डेटाबेस किंवा अनेक उपकरणांचा गेटवे हवा असेल तर लिनक्स चालवणारा रास्पबेरी पाय घ्यावा. त्याचे दुखणे म्हणजे मेमरी कार्ड. लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्डावरची फाइल प्रणाली खराब होऊ शकते, म्हणून मूळ विभाग केवळ वाचनापुरता ठेवून नोंदी दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर लिहाव्यात.

५. उपकरण राउटरच्या मागे आहे. बाहेरून त्याच्याशी बोलण्यासाठी पोर्ट उघडू का?

उघडू नये. पोर्ट म्हणजे बाहेरून आत येण्याची क्रमांकित वाट. ती उघडण्याऐवजी उपकरणानेच बाहेरच्या सर्व्हरकडे जोडणी सुरू करावी, ती उघडी ठेवावी आणि आज्ञा त्याच जोडणीवरून याव्यात, हा रूढ आणि सुरक्षित मार्ग आहे. राउटरवर पोर्ट उघडले की इंटरनेट चाळत बसलेले आपोआप चालणारे प्रोग्रॅम थोड्याच वेळात तेथे पोहोचतात. शिवाय अनेक मोबाइल जोडण्यांवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही, कारण सेवा देणारी कंपनी शेकडो ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देते. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ यांच्या दरम्यान असेल, तर आपण बहुधा अशाच जोडणीवर आहात. देखभालीसाठी थेट आत शिरणे अटळ असेल, तर वायरगार्डसारखा व्हीपीएन (कूटबद्ध खासगी मार्ग) वापरावा.

६. एमक्यूटीटी कशासाठी? एचटीटीपीने काम होत नाही का?

वाचन पाठवण्यापुरते एचटीटीपीने, म्हणजे ब्राउझर वापरतो त्याच प्रोटोकॉलने (बोलण्याच्या ठरलेल्या नियमांनी), उत्तम काम होते. अडचण आज्ञेच्या वेळी येते, कारण एचटीटीपीत उपकरणाने विचारल्याशिवाय सर्व्हरला बोलता येत नाही, आणि दर पाच सेकंदांनी ‘काही काम आहे का’ असे विचारत राहणे दोघांनाही महाग पडते. एमक्यूटीटी या ब्रोकरमार्फत निरोप पोहोचवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये एकच जोडणी उघडी राहते आणि तिच्यावरून दोन्ही दिशांना निरोप जातात. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये हा प्रोटोकॉल तयार केला तो तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी. तेथे प्रत्येक बाइटचे मोल होते, म्हणून निरोपाचे ठरावीक शीर्ष दोन बाइटांपासून सुरू होते. साधी जोडणी १८८३ पोर्टवर आणि कूटबद्ध जोडणी ८८८३ पोर्टवर करण्याचा प्रघात आहे. आज नवीन काम सुरू करत असाल तर २०१९ मध्ये प्रमाणित झालेली पाचवी आवृत्ती निवडावी. तिच्यातील निरोपाची मुदत ही सोय प्रश्न १६ मध्ये कामी येईल.

७. क्यूओएस २ लावले की आज्ञा नक्की एकदाच पाळली जाईल ना?

नाही. क्यूओएस ही एमक्यूटीटीतली निरोप पोहोचवण्याच्या हमीची पातळी आहे: ० म्हणजे जास्तीत जास्त एकदा, १ म्हणजे निदान एकदा आणि २ म्हणजे नेमके एकदा. परंतु ही हमी निरोपाच्या एका टप्प्यापुरती असते, म्हणजे आपल्यापासून ब्रोकरपर्यंत आणि पुढे स्वतंत्रपणे ब्रोकरपासून उपकरणापर्यंत. निरोप हाती आल्यावर उपकरणाने रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढला आणि ‘काम झाले’ अशी नोंद करण्याआधीच ते रीसेट झाले, तर प्रोटोकॉल काहीही करू शकत नाही. म्हणून आज्ञाच अशी लिहावी की ती दोनदा पाळली तरी फरक पडू नये. ‘दिव्याची स्थिती उलट कर’ ही वाईट आज्ञा आहे आणि ‘दिवा चालू कर’ ही चांगली. ‘झडप १० टक्के आणखी उघड’ ऐवजी ‘झडप ४० टक्क्यांवर ने’ असे म्हणावे. जेथे अशी रचना शक्यच नसते, उदाहरणार्थ एक माप द्रव सोडणे, तेथे प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि पाळलेल्या शेवटच्या क्रमांकाची नोंद उपकरणाने वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत ठेवावी. एवढी काळजी घेतली की क्यूओएस १ पुरते.

८. मॉडबसवरून मीटर वाचतो, पण आकडा शून्य किंवा भलताच येतो. मीटर खराब आहे का?

बहुधा मीटर ठीक असतो आणि आपले वाचन चुकत असते. मॉडबस हा मीटर आणि यंत्रांशी बोलण्याचा प्रोटोकॉल १९७९ सालचा आहे. त्यातले रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवण्याचा एक रकाना, फक्त १६ बिटांचे असते आणि त्यात पूर्णांक आहे, ऋण संख्या आहे की अपूर्णांकाचा अर्धा भाग आहे, हे निरोपात कोठेही लिहिलेले नसते. तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत.

आधी पत्ता पाहावा. मीटरच्या माहितीपत्रकात ४०००१ असे छापलेले रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाने मागावे लागते; काही लायब्ररी हे एक वजा करण्याचे काम स्वतः करतात, काही करत नाहीत, आणि त्यामुळे आपल्याला शेजारचेच रजिस्टर मिळते. त्यानंतर चिन्ह तपासावे: उणे पाच अंश तापमान चिन्हरहित वाचले तर ६५५३१ दिसते. शेवटी ३२ बिटांच्या अपूर्णांकाचा शब्दक्रम, म्हणजे त्याच्या दोन रजिस्टरांचा क्रम, पाहावा. २५.० ही किंमत दोन रजिस्टरांत १६८४० आणि ० अशी येते. तुमच्या प्रोग्रॅमने ती उलट्या क्रमाने जोडली, तर शून्याच्या इतकी जवळची संख्या बनते की पडद्यावर नुसते ०.०० उमटते. मीटर बंद आहे असा समज होण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. अशा वेळी प्रोग्रॅम बाजूला ठेवून दोन्ही रजिस्टरांचे कच्चे आकडे कागदावर लिहून पाहावेत.

वाचन अधूनमधूनच चुकत असेल तर मात्र तारेकडे वळावे. मॉडबस सहसा ज्यावरून जातो त्या आरएस-४८५ च्या लांब तारेला दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचा रोध लागतो. एकाच तारेवर दोन मीटरांना एकच क्रमांक दिला गेला असेल, तरीही असेच घडते.

९. उपकरण दर काही सेकंदांनी जोडले जाते आणि लगेच तुटते. वायफाय तर उत्तम आहे.

दोन उपकरणांना एकच क्लायंट ओळख (ब्रोकर उपकरणाला ज्या नावाने ओळखतो ते) दिली गेली आहे का, ते आधी पाहावे. एमक्यूटीटीच्या नियमानुसार त्याच ओळखीने दुसरा कोणी आला की ब्रोकर पहिल्याची जोडणी तोडतो. पहिला परत येतो, दुसऱ्याला बाहेर काढतो, आणि ही रस्सीखेच अखंड चालू राहते. फर्मवेअरची प्रत जशीच्या तशी दुसऱ्या बोर्डावर चढवली की हा घोळ होतोच. ओळख चिपच्या स्वतःच्या क्रमांकावरून तयार करावी. तुमच्या लॅपटॉपवर तपासणीसाठी उघडलेला प्रोग्रॅमही उपकरणाची ओळख वापरत नाही ना, हेही पाहावे.

१०. वाचन किती वेळाने पाठवावे?

ज्या गोष्टीचे मोजमाप आहे ती किती वेगाने बदलते आणि तुम्ही तिच्यावर किती वेगाने काही करू शकता, यावर ते ठरते. दर दहा सेकंदांनी एक वाचन म्हणजे दिवसाला ८,६४० नोंदी. अशी ५०० उपकरणे असतील तर ४३,२०,००० नोंदी रोज साठतात, आणि त्यातल्या बहुसंख्य नोंदी आधीच्याच आकड्याची नक्कल असतात. त्यापेक्षा ठरलेल्या मर्यादेपलीकडे बदल झाला की लगेच पाठवावे, आणि बदल झाला नाही तरी दर काही मिनिटांनी हजेरी म्हणून एक वाचन पाठवावे. हजेरीचा भाग गाळू नये. त्याचे कारण पुढच्याच प्रश्नात आहे.

११. उपकरण बंद पडले हे मला लगेच कसे कळेल?

बंद पडलेले उपकरण ‘मी बंद पडलो’ असे सांगत नाही, ते गप्प होते. तेव्हा देखरेखीच्या सॉफ्टवेअरने आलेल्या निरोपांइतकेच न आलेल्या निरोपांकडे लक्ष द्यायला हवे. प्रत्येक उपकरणाची शेवटची हजेरी नोंदवावी आणि अपेक्षित वेळेच्या तिप्पट काळ काहीच आले नाही तर इशारा द्यावा.

एमक्यूटीटीत याच्या जोडीला ‘शेवटची इच्छा’ नावाची सोय आहे. जोडणी करतानाच उपकरण ब्रोकरकडे एक निरोप ठेवून देते आणि संपर्क अवचित तुटला तर ब्रोकर तो सर्वांना कळवतो. यात दोन गोष्टी लोकांना चकवतात. हा निरोप ताबडतोब जातोच असे नाही. जोडणी जिवंत असल्याचे ब्रोकरला कळवण्याचा कालावधी (कीप-अलाइव्ह) ६० सेकंद ठेवला असेल, तर ब्रोकर त्याच्या दीडपट, म्हणजे ९० सेकंद वाट पाहतो. आणि उपकरणाने रीतसर कळवून जोडणी तोडली तर हा निरोप जातच नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे नेटवर्क सांभाळणारा भाग जिवंत असताना सेन्सर वाचणारा भाग अडकून पडू शकतो. त्या वेळी ब्रोकरच्या लेखी सर्व काही आलबेल असते.

पडद्यावर प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे वय दाखवावे, आणि वय वाढले की आकडा फिका करावा. ४० मिनिटांपूर्वीचे तापमान ठसठशीत हिरव्या अक्षरांत दाखवणारा पडदा हा पडदा नसण्यापेक्षा वाईट आहे.

१२. आकडे नियमित येत आहेत. ते खरे आहेत हे कसे ओळखावे?

प्रत्येक सेन्सरची खोटे बोलण्याची एक पद्धत असते आणि ती माहितीपत्रकात सापडते. डीएस१८बी२० या लोकप्रिय तापमान सेन्सरचे वीज आल्यानंतरचे मूळ वाचन नेमके ८५ अंश असते. मोजमाप पूर्ण होण्याआधी वाचले किंवा वीज क्षणभर डळमळली, की हेच ८५ येते. त्याच सेन्सरच्या आर्डुइनोवरील प्रचलित लायब्ररीत तार तुटली की उणे १२७ मिळते. हे दोन्ही आकडे वैध वाटतात आणि सरासरीत मिसळले की सापडत नाहीत, म्हणून ते साठवण्यापूर्वीच अडवावेत आणि ‘वाचन अवैध’ अशी वेगळी नोंद करावी. त्यांच्या जागी शून्य लिहू नये.

उद्योगांतील ४ ते २० मिलिअँपिअरच्या सेन्सरांत ही दक्षता रचनेतच आहे. किमान मोजमापालाही ४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, त्यामुळे शून्य प्रवाहाचा अर्थ ‘टाकी रिकामी’ असा नसून ‘तार तुटली’ असा होतो. अनेक उत्पादक ३.६ च्या खालचा आणि २१ च्या वरचा प्रवाह बिघाडाची खूण मानतात. तुमचा प्रोग्रॅम ४ च्या खालचे सगळे ‘शून्य टक्के’ करून टाकत असेल, तर ही फुकट मिळालेली माहिती तुम्ही फेकून देत आहात.

तासन्‌तास दशांशाच्या शेवटच्या अंकापर्यंत न हललेला आकडाही संशयास्पद मानावा. खऱ्या मोजमापात थोडी थरथर असतेच.

१३. इशाऱ्यांचा एवढा मारा होतो की आता कोणी पाहतच नाही. काय करावे?

मर्यादेच्या आसपास आकडा वर-खाली होत राहिला की प्रत्येक वेळी इशारा जातो. त्यासाठी चालू होण्याची आणि बंद होण्याची मर्यादा वेगळी ठेवावी: ३० अंशांवर इशारा द्यावा, पण तो २८ खाली आल्यावरच मागे घ्यावा. स्थिती ठरावीक काळ टिकल्याशिवायही इशारा देऊ नये. गेटवे बंद पडला तर त्यामागच्या चाळीस सेन्सरांचे चाळीस इशारे न पाठवता गेटवेचा एकच पाठवावा. आणि ज्या इशाऱ्यावर कोणीही काहीही करायचे नसते तो इशारा नव्हे, ती नोंद आहे. अशांना निःसंकोच यादीतून काढावे.

१४. वेळेचा शिक्का उपकरणाने मारावा की सर्व्हरने?

दोघांनीही, दोन वेगळ्या रकान्यांत. उपकरणाची वेळ मोजमाप केव्हा झाले ते सांगते आणि सर्व्हरची वेळ ते केव्हा पोहोचले ते सांगते. संपर्क तुटलेला असताना साठलेली वाचने एकदम आली की हा फरक कामी येतो. साठवण नेहमी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) करावी आणि स्थानिक वेळ फक्त पडद्यावर दाखवावी. उपकरणाचे घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घेण्याच्या प्रोटोकॉलने) जुळवावे, आणि वीज आल्यावर ते जुळेपर्यंतची वाचने ‘वेळ अनिश्चित’ अशी खूण करून ठेवावीत, नाहीतर डेटाबेसात १९७० सालच्या नोंदी दिसू लागतात.

दोन जुने सापळे अजूनही जिवंत आहेत. ३२ बिटांचा मिलिसेकंदांचा गणक सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. चिन्हरहित संख्यांची वजाबाकी करून कालावधी काढला तर काही बिघडत नाही, पण ‘आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का’ अशी तुलना केली तर उपकरण पन्नासाव्या दिवशी विचित्र वागते. तसेच १९७०च्या सुरुवातीपासूनचे सेकंद मोजणारा ३२ बिटांचा चिन्हयुक्त गणक १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसीनुसार ०३:१४:०७ नंतर ऋण होतो. आज भिंतीत बसवलेले उपकरण तोवर तेथेच असण्याची शक्यता बरीच आहे.

१५. बटण दाबले, पडद्यावर ‘चालू’ दिसले, पण पंप बंदच होता. असे कसे?

कारण पडद्याने पंपाची स्थिती दाखवलीच नव्हती. त्याने तुमची इच्छा दाखवली. या विषयात आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी मोठा भाग या एकाच गोंधळातून निघतो, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

एका पंपाच्या बाबतीत चार वेगळ्या गोष्टी खऱ्या असू शकतात. तुम्ही ‘चालू’ मागितले आहे. उपकरणाला आज्ञा मिळाली आहे. उपकरणाने रिले ओढला आहे. पंप फिरत आहे. पहिल्या तीन खऱ्या आणि चौथी खोटी असणे सहज शक्य आहे: मोटरचा ओव्हरलोड (जादा भार आल्यावर वीज तोडणारा भाग) सुटला असेल, फेज गेली असेल, रिलेचे टोक जळाले असेल. रिलेला दिलेला पिनचा संकेत वाचून ‘पंप चालू’ म्हणणारे फर्मवेअर स्वतःचाच आवाज ऐकत असते. खरा पुरावा वेगळ्या मार्गाने यायला हवा. कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज देणाऱ्या मोठ्या रिलेचा) सहायक संपर्क, तारेतला विद्युतप्रवाह, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे पुढच्या नळातला दाब किंवा प्रवाह.

म्हणून डेटाबेसात ‘मागितलेली स्थिती’ आणि ‘कळवलेली स्थिती’ हे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत; मोठ्या क्लाउड सेवांमधील उपकरणाची ‘सावली’ हीच कल्पना आहे. बटण दाबल्यावर पडद्याने ‘चालू होत आहे’ असे म्हणावे, कळवलेली स्थिती जुळल्यावरच ‘चालू’ म्हणावे, आणि ठरलेल्या वेळेत जुळली नाही तर ‘आज्ञा पाळली गेली नाही’ असे स्पष्ट सांगावे. किती वेळ थांबायचे हे यंत्रावर अवलंबून असते: दिव्याला दोन सेकंद पुष्कळ झाले, मोठ्या झडपेला एक मिनिटही लागू शकते.

कळवलेली स्थितीही पूर्णपणे विश्वासार्ह नसते. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातपाती प्रोग्रॅम सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरणारी यंत्रे) बिघडवत असताना नियंत्रण कक्षाला आधी जपून ठेवलेली नेहमीची वाचने पुन्हा दाखवत होता. तुमच्या प्रकल्पावर तसा हल्ला होईलच असे नाही, पण एकाच स्रोतावर विसंबण्याची मर्यादा त्यातून दिसते.

१६. उपकरण ऑफलाइन असताना दिलेली आज्ञा ते परत आल्यावर पाळली जावी का?

स्थिती आणि कृती यांत फरक करावा. ‘तापमान २२ अंशांवर ठेव’ ही टिकून राहणारी स्थिती आहे. उपकरण तासाभराने आले तरी ती लागू करणे योग्यच. ‘दार उघड’ ही त्या क्षणापुरती कृती आहे. दुपारी दिलेली ही आज्ञा रात्री तीन वाजता संपर्क परतल्यावर पाळली गेली तर अनर्थ होईल. अशा प्रत्येक आज्ञेत मुदत लिहावी. एमक्यूटीटीच्या पाचव्या आवृत्तीत ब्रोकर मुदत संपलेला निरोप स्वतःच टाकून देतो, तरीही उपकरणाने आपल्या घड्याळाशी ताडून पाहावे, आणि घड्याळ जुळलेले नसेल (प्रश्न १४) तर कृतीची आज्ञा नाकारावी. कृतीच्या आज्ञेवर ‘राखून ठेव’ ही खूण तर कधीही लावू नये. ब्रोकर ती प्रत्येक नव्या जोडणीला पुन्हा देतो आणि दर रीसेटनंतर दार उघडते.

१७. जागेवरचा माणूस हाताने यंत्र बंद करतो आणि सॉफ्टवेअर ते पुन्हा चालू करते. कोणाचे चालावे?

जागेवरच्या माणसाचे, नेहमीच. त्याचा हात यंत्रात असू शकतो. पॅनेलवर ‘जागेवरून/दुरून’ असा निवडीचा स्विच असावा, तो ‘जागेवरून’कडे असताना दुरून आलेली आज्ञा तारेच्या पातळीवरच अडावी, आणि स्विचची स्थिती पडद्यावर दिसावी. दुरुस्तीच्या वेळी मुख्य वीज तोडून कुलूप लावणे याला सॉफ्टवेअरमधली कोणतीही खूण पर्याय नाही. दोन माणसे दुरूनच परस्परविरोधी आज्ञा देत असतील तर तो प्रश्न सौम्य आहे: शेवटची आज्ञा ग्राह्य धरावी आणि ती कोणी, केव्हा दिली हे दोघांनाही दिसावे.

१८. संपर्क तुटला तर उपकरणाने काय करावे?

हे प्रत्येक यंत्रासाठी आधीच ठरवून उपकरणातच लिहून ठेवावे, कारण त्या वेळी विचारायला सर्व्हर नसतो. हीटर बंद व्हावा. पाणी उपसणारा पंप मात्र स्थानिक पातळीमापकावर चालू राहावा. धोकादायक कामासाठी ‘चालू’ ही आज्ञा एकदाच न देता थोड्या मुदतीची द्यावी आणि सर्व्हरने ती वाढवत राहावी. वाढवणे थांबले की यंत्र आपोआप थांबते. अतितापमानाचा कटआउट, मर्यादा स्विच आणि आपत्कालीन थांबा हे तारांनी जोडलेले आणि सॉफ्टवेअरपासून स्वतंत्र असावेत. वायफायवरून चालणारा आपत्कालीन थांबा ही कल्पना कोणी मांडलीच, तर ती चर्चेला न घेता नाकारावी.

१९. फर्मवेअर दुरून बदलणे कितपत सुरक्षित आहे?

मेमरीत दोन विभाग असतील तर पुरेसे सुरक्षित आहे. चालू प्रत एका विभागात राहते, नवी दुसऱ्यात उतरते, तिची डिजिटल सही तपासली जाते आणि मगच उपकरण तिच्यावरून सुरू होते. नव्या प्रतीने सर्व्हरशी संपर्क साधल्यानंतरच स्वतःला ‘ठीक’ ठरवावे. नुसते सुरू होणे पुरेसे नाही, कारण सुरू होऊनही नेटवर्कला न जोडणारी प्रत तुम्हाला परत कधीच बदलता येणार नाही. हा संपर्क झाला नाही तर वॉचडॉगने (अडकलेले उपकरण आपोआप रीसेट करणाऱ्या घड्याळाने) रीसेट करून जुन्या प्रतीकडे वळावे. सर्व उपकरणांना एकदम नवी प्रत देऊ नये. आधी मोजक्या उपकरणांना द्यावी आणि एक-दोन दिवस पाहावे.

२०. सेटिंग बदलताना उपकरणाचा संपर्कच तुटला तर?

तुम्ही ज्या फांदीवर बसला आहात तीच कापण्याचा हा प्रकार आहे आणि त्याचे प्रसिद्ध उदाहरण मंगळावरचे आहे. १९७६ मध्ये उतरलेल्या व्हायकिंग १ ला नोव्हेंबर १९८२ मध्ये बॅटरी चार्जिंगबाबतचे नवे सॉफ्टवेअर पाठवताना अँटेना पृथ्वीकडे रोखण्याची माहिती चुकून पुसली गेली आणि यानाशी संपर्क कायमचा संपला.

नेटवर्क, पत्ता, पासवर्ड किंवा प्रमाणपत्र बदलताना बदल तात्पुरता लावावा, आणि ठरलेल्या वेळेत नव्या सेटिंगवरून सर्व्हरची पुष्टी आली नाही तर उपकरणाने आपणहून जुनी सेटिंग परत आणावी. ज्युनिपरच्या राउटरांत अशी आज्ञा अनेक वर्षांपासून आहे आणि तिची मूळ मुदत दहा मिनिटांची आहे. तुमच्या फर्मवेअरमध्ये ही सोय लिहायला फार ओळी लागत नाहीत.

२१. माझ्या साध्या सेन्सरवर कोण कशाला हल्ला करेल?

हल्ला करणाऱ्याला तुमचे तापमान नको असते, तुमचे उपकरण हवे असते. २०१६ मध्ये मिराई या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या ठरावीक नाव-पासवर्डांच्या छोट्याशा यादीच्या जोरावर लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या सेवा बंद पाडल्या. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र किल्ली द्यावी, जोडणी कूटबद्ध असावी, आणि ब्रोकरवर परवानग्या अशा लावाव्यात की एका उपकरणाला फक्त आपल्याच टॉपिकांवर (निरोप ज्या नावांखाली जातात त्यांवर) लिहिता-वाचता येईल. हे न केल्यास एक सेन्सर चोरीला गेला की चोर सर्व पंप चालवू शकतो. मॉडबसच्या मूळ रचनेत ओळखपत्र तपासण्याची सोयच नाही, म्हणून त्याचे ५०२ पोर्ट इंटरनेटला कदापि दिसू देऊ नये.

२२. काल रात्रीपासून सगळी जुनी उपकरणे एकदम जोडली जात नाहीत. कोडमध्ये काहीच बदललेले नाही.

कूटबद्ध जोडणीत सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत तपासावी. सर्व्हरचे प्रमाणपत्र नवे असले तरी ते पडताळण्यासाठी उपकरणात साठवलेले मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालेले असू शकते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेच्या साखळीतील एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जगभरची कित्येक न बदललेली उपकरणे अशीच अडली. उपकरणात एकाहून अधिक मूळ प्रमाणपत्रे ठेवावीत आणि ती दुरून बदलता यावीत.

ठरावीक उपकरणेच, आणि तीही वीज जाऊन आल्यावर अडत असतील तर कारण घड्याळ असते: घड्याळ १९७० दाखवते, त्यामुळे उपकरणाला प्रमाणपत्र ‘अजून सुरू न झालेले’ वाटते. अशा उपकरणाने जोडणीपूर्वी एनटीपीवरून वेळ घ्यावी, किंवा शेवटची माहीत असलेली वेळ मेमरीत जपून तेथून सुरुवात करावी.

२३. सर्व्हर पाच मिनिटे बंद होता. परत चालू केला तर लगेच पुन्हा कोसळला.

सर्व उपकरणे एकाच क्षणी परत जोडू पाहतात आणि कूटबद्ध जोडणी उभारणे हे सर्व्हरचे सर्वांत जड काम आहे. प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करावा, त्याला काही मिनिटांची कमाल मर्यादा असावी आणि त्यात यादृच्छिक भर घालावी. ती भर गाळली तर सगळी उपकरणे पुन्हा एकत्रच येतात, फक्त उशिरा.

२४. शंभर उपकरणे हाताशी नाहीत. चाचणी कशी करू?

सर्व्हरच्या बाजूची चाचणी करण्यासाठी उपकरणाचे सोंग घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा आणि त्याच्या शंभर प्रती चालवाव्यात. त्याला शहाणे वागायला शिकवू नये: त्याने मध्येच गप्प व्हावे, एकच निरोप दोनदा पाठवावा, ८५ अंश कळवावे (प्रश्न १२), आज्ञा स्वीकारून काहीच करू नये. फर्मवेअरची चाचणी मात्र खऱ्या बोर्डावरच करावी, आणि ती प्रोग्रॅमरच्या टेबलावर होत नाही. फर्मवेअर उतरत असताना वीज तोडावी, राउटर चालू ठेवून त्याची बाहेरची तार काढावी, सेन्सरची तार उपसावी आणि ब्रोकर बंद करून तासाभराने चालू करावा. राउटरवाली चाचणी विशेषकरून करावी, कारण वायफाय जोडलेले दिसते पण पलीकडे कोणीच नाही, ही स्थिती बहुतेक फर्मवेअर ओळखत नाहीत आणि जुन्या, मेलेल्या जोडणीवरच आकडे ढकलत राहतात.